वेळेवर विकलेला डोंगर

कारापूर म्हटलं की गोव्याबाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. डिचोली तालुक्यातल्या माणसाला विठ्ठलापूरचं देऊळ आठवतं, वाळवंटी नदी आठवते, साखळीचा बाजार आठवतो आणि टिपर आठवतात. जीए-04 नंबराचे, दहा टन माल घेणारे, मागचा फळका लाल मातीने कायमचा रंगलेला, पुढच्या काचेवर कुलदेवतेचं नाव. कारापूर, सर्वण, मये, शिरगाव, मुळगाव या पट्ट्यात कितीतरी घरांचा संसार या टिपरवर उभा राहिला. बँकेचं नाहीतर पतसंस्थेचं कर्ज काढायचं, गाडी घ्यायची, खाण ते जेटी ट्रिपा मारायच्या. भाडं टनावर आणि किलोमीटरवर. डिझेल वाढलं की दरासाठी रस्त्यावर उतरायचं, खाणवाल्यांशी आणि सरकारशी बोलणी करायची, दोन रुपये वाढवून घ्यायचे, पुन्हा स्टिअरिंगवर बसायचं.

या टिपरांत ज्यांचं खनिज भरलं जायचं, त्यांतल्या एका घराण्याने जून 2009 मध्ये आपला खाणधंदा विकला. व्ही. एस. धेंपो आणि कंपनीचा खाणव्यवसाय सेझा गोवाने 1,750 कोटी रुपयांना रोखीने घेतला. सौद्यात खाणपट्टे आले, खनिज धुण्याचे कारखाने आले, बार्ज आणि जेटी आल्या. विकणारे श्रीनिवास धेंपो तेव्हा चाळिशीच्या आसपासचे, घराण्याच्या तिसऱ्या पिढीचे. घेणाऱ्या सेझा गोवाची मालकी दोनच वर्षांपूर्वी, 2007 मध्ये, जपानच्या मित्सुईकडून अनिल अग्रवाल यांच्या वेदांताकडे गेली होती.

धंदा काढणारा माणूस पुढे भांडवल गुंतवणारा होतो, ही गोष्ट आता मुंबई-बंगळुरूत रोजची झाली आहे. कंपनी उभी करायची, विकायची, आलेल्या पैशांतून दुसऱ्यांच्या कंपन्यांत हिस्से घ्यायचे. गोव्यात हे फार थोड्यांनी केलं. धेंपोंच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘ग्रोथ इक्विटी इन्व्हेस्टर’ असं लिहिलेलं नाही आणि त्यांनी तसा फंडही काढलेला नाही. पण 2009 नंतरचे त्यांचे व्यवहार मांडून पाहिले तर त्यांत एका मालकाचा गुंतवणूकदार होत गेलेला दिसतो. शिवाय ज्या वस्तूच्या विक्रीतून हे सुरू झालं ती वस्तू डिचोलीचा डोंगर होती. त्यामुळे या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे, जी बंगळुरूच्या गोष्टींना नसते.

आधी घराणं. वसंतराव धेंपो यांनी 1941 मध्ये धंद्याची सुरुवात केली. पोर्तुगीज अमदानीत खाणी ‘कन्सेशन’ म्हणून दिल्या जायच्या आणि ती सवलत जवळपास कायमची मानली जायची. पन्नासच्या दशकात जपान युद्धातून सावरत होता, त्याच्या पोलाद कारखान्यांना खनिज हवं होतं, आणि गोव्याचा डोंगर समुद्रापासून फार लांब नव्हता. नदीतून बार्ज, बार्जमधून मुरगावला जहाज. जपान्यांनी इथल्या खाणींना यंत्रं दिली आणि त्यांची किंमत खनिजाच्या रूपाने वळती करून घेतली. शिरगावच्या चौगुल्यांच्या खाणीचं यांत्रिकीकरण असंच झालं. चालत्या धंद्याला बाहेरून भांडवल येतं, त्या भांडवलाने उत्पादन अनेक पटींनी वाढतं, आणि देणारा आपला मोबदला त्या वाढीतून घेतो. हिस्सेदारी नव्हती, पण वाढीसाठी लागणारा पैसा म्हणजे काय, हे डिचोली तालुक्याने तेव्हाच पाहिलं होतं.

गोवा मुक्त झाल्यावर धेंपोंनी पैसा खाणीबाहेरही फिरवला. पणजीला धेंपे महाविद्यालय, 1963 मध्ये ‘नवहिंद टाइम्स’, 1970 मध्ये मराठी ‘नवप्रभा’, जहाजबांधणी, गोवा कार्बन आणि अर्थातच फुटबॉलचा संघ. तरीही घराण्याची खरी ताकद डोंगरात होती. म्हणूनच 2009 चा सौदा मोठा. मिळकतीचा मुख्य झरा विकून बाकीची शेतं ठेवायची, हे कुठल्याही घरात सोपं नसतं. त्यामागचा विचार काय होता ते त्यांचं ते जाणोत; आपल्यापुढे आहेत ते व्यवहार.

आता थोडं या भांडवल गुंतवण्याच्या धंद्याबद्दल. ग्रोथ इक्विटी म्हणजे अशा कंपनीत हिस्सा घेणं, जिचा माल विकला जातो आहे, गिऱ्हाईक आहे, पण पुढची मोठी उडी मारायला पैसा नाही. नव्या कल्पनेवर पैसे लावणाऱ्या व्हेंचरवाल्यांपेक्षा हा माणूस उशिरा येतो. कंपनी सगळीच्या सगळी विकत घेऊन कर्जावर चालवणाऱ्यांपेक्षा कमी घेतो, सहसा अल्पमतातला हिस्सा. त्याला संचालक मंडळावर एक खुर्ची हवी असते, हिशेब वेळेवर हवे असतात, पुढे कोणी स्वस्तात शेअर घेतले तर आपला हिस्सा पातळ होऊ नये याची तजवीज हवी असते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बाहेर पडायची वाट करारातच लिहून हवी असते: शेअर बाजारात नोंदणी, दुसऱ्या गुंतवणूकदाराला विक्री, नाहीतर प्रवर्तकांनीच परत विकत घेणं. मुदत साधारण पाच ते सात वर्षं. त्यानंतर कंपनी कितीही आवडली तरी निघायचं, कारण फंडात ज्यांचे पैसे आहेत त्यांना ते परत हवे असतात.

या प्रकारची आज जगभर नाव असलेली कंपनी म्हणजे जनरल अटलांटिक. तिचा जन्म एका दुकानदाराच्या पैशातून झाला. चक फीनी या अमेरिकन माणसाने 1960 मध्ये भागीदारासोबत ‘ड्यूटी फ्री शॉपर्स’ काढलं आणि विमानतळांवरच्या दुकानांतून अफाट पैसा कमावला. तो गुंतवण्यासाठी 1980 मध्ये जनरल अटलांटिक उभी राहिली. पुढे चारच वर्षांत फीनींनी आपली मालकी गुपचूप एका धर्मादाय संस्थेच्या नावे करून टाकली आणि आयुष्यभर ते पैसे वाटत राहिले; आठ अब्ज डॉलरांहून जास्त. ही कंपनी भारतातही लवकर आली, 2002 मध्ये पटनी कॉम्प्युटर्समध्ये तिने मोठी रक्कम घातली. मला फीनींची गोष्ट आवडते ती त्यांच्या दानामुळे आहेच, पण आणखी एका कारणाने. ज्याने स्वतः गल्ल्यावर बसून धंदा केला तो दुसऱ्याचा धंदा वेगळ्या नजरेने पाहतो. मालाचा साठा किती पडून आहे, कामगारांशी कसं बोललं जातं, मालक स्वतः किती वेळ दुकानात असतो, हे ताळेबंदात नसतं.

धेंपोंच्या बाबतीत ही नजर कुठे दिसते? फोंडा तालुक्यातल्या उसगावात.

उसगावचा ‘हिंदुस्तान फूड्स’ हा कारखाना 1984 मधला. धेंपोंनी तो ग्लॅक्सोच्या भागीदारीत काढला, लहान मुलांच्या आहारासाठी तृणधान्यांचे पदार्थ बनवायला. शेअर बाजारात नोंदलेली, पण कुणाच्या खिजगणतीत नसलेली छोटी कंपनी. गोव्यात असे कितीतरी कारखाने आहेत. मालकाला ते बंद करवत नाहीत आणि वाढवायला वेळ नसतो. 2013 मध्ये मुंबईच्या समीर कोठारींच्या ‘व्हॅनिटी केस’ समूहाने या कंपनीचा ताबा घेतला. धेंपोंनी ताबा सोडला, सगळा हिस्सा मात्र सोडला नाही. श्रीनिवास धेंपो अध्यक्षपदी राहिले, कारभार कोठारींनी हातात घेतला.

कोठारींची कल्पना साधी होती. साबण, डिटर्जंट, चहा, बाळान्न, चामड्याचे बूट हे सगळं मोठ्या नावांखाली विकलं जातं. ते बनवायला मात्र त्या मोठ्या कंपन्यांना स्वतःचा कारखाना हवाच असतो असं नाही. त्यांच्यासाठी आपण कारखाने चालवायचे. नाव त्यांचं, जाहिरात त्यांची, कारखाना आपला. हा धंदा दिसायला रुक्ष. पण एकदा हिंदुस्तान युनिलिव्हरसारखं गिऱ्हाईक मिळालं की करार वर्षानुवर्षांचा असतो. कारखान्यामागून कारखाना जोडत गेलेल्या या कंपनीत पुढे निखिल व्होरा यांच्या ‘सिक्स्थ सेन्स व्हेंचर्स’सारखे वाढीचे गुंतवणूकदार आले. 2022-23 मध्ये तिची उलाढाल अडीच हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय मात्र आता गोव्यातून मुंबईला गेलं आहे.

मालकाचा गुंतवणूकदार होतो तो नेमका इथे. आपण उभी केलेली गोष्ट दुसरा जास्त चांगली चालवील हे कबूल करणं, ताबा देणं, आणि तरी त्याच्या वाढीत भागीदार राहणं. आपल्याकडच्या धंदेवाईक घरांत ताबा सोडणं म्हणजे नाक कापून घेणं समजलं जातं. भावाभावांच्या भांडणांत कंपन्या कुजतात, पण बाहेरचा माणूस आत येऊ दिला जात नाही. धेंपोंनी खाण विकताना सगळं सोडलं आणि उसगावला अर्धं. दोन्ही ठिकाणी निर्णय वेगळा, आणि माझ्या मते उसगावचा अवघड होता. खाण विकताना समोर 1,750 कोटींचा आकडा असतो. छोट्या कंपनीचा ताबा देताना समोर असतो फक्त एका दुसऱ्या माणसावरचा विश्वास.

फुटबॉलमध्येही हाच फरक दिसतो. साठच्या दशकातल्या धेंपो स्पोर्ट्स क्लबने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा जिंकली. तो संघ पूर्णपणे घरचा. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली तेव्हा एफसी गोवा या नव्या संघात श्रीनिवास धेंपो, दत्तराज साळगावकर आणि व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत असे तिघे भागीदार होते. पुढे नव्या व्यवस्थेत आपल्याला जागा नाही म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब दे गोवा हे तिन्ही जुने संघ 2016 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. पणजीत आणि मडगावात यावर अजूनही वाद घालणारे म्हातारे आहेत, त्या वादात मी पडत नाही.

आता पुन्हा डोंगराकडे. 2009 चा सौदा नेमक्या कुठल्या वेळी झाला ते पाहू. 2008 च्या मंदीनंतर लोहखनिजाचा जागतिक भाव उतरला होता. सौद्याच्या सुमारास टनाला सत्तर-ऐंशी डॉलर. चीन पुन्हा जागा झाला आणि 2011 च्या सुरुवातीला हाच भाव एकशे ऐंशीच्या पुढे गेला. गोव्याचं खनिज तसं हलक्या प्रतीचं, पण चीनला तेही चालत होतं. 2010-11 मध्ये गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून जास्त माल गेला. त्या वर्षी कोणी हिशेब मांडला असता तर धेंपोंनी घाई केली असंच निघालं असतं. मग 2012 च्या सप्टेंबरात बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, मनोहर पर्रीकर सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. हिशेब एका रात्रीत उलटा झाला.

पण या सौद्यातली सगळ्यांत विलक्षण गोष्ट भावाची नाही, कागदाची आहे. पोर्तुगीज कन्सेशनं 1987 च्या कायद्याने रद्द होऊन त्यांचे खाणपट्टे झाले. मुदती संपल्या तरी नूतनीकरणाचे अर्ज सरकारदरबारी पडून होते आणि मुदत आपोआप वाढली असं धरून सगळे खाणी चालवत होते. पर्यावरणासाठी झगडणाऱ्या गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 रोजी निकाल दिला की हे पट्टे 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपले, त्यानंतरचं खाणकाम बेकायदा. म्हणजे जून 2009 मध्ये विकल्या गेलेल्या पट्ट्यांची मुदत, न्यायालयाच्या दृष्टीने, दीड वर्षापूर्वीच संपलेली होती. सौद्याच्या दिवशी हे ना विकणाऱ्याला ठाऊक होतं, ना घेणाऱ्याला, ना सरकारला. त्या दिवशी तो कायदेशीर आणि उघड व्यवहार होता. गुंतवणुकीच्या पुस्तकांत कायद्याची जोखीम म्हणून एक परिच्छेद असतो, तो लोक वाचतात आणि पान उलटतात. डिचोलीत त्या परिच्छेदाची किंमत 1,750 कोटी निघाली.

न्यायालयाने 2014 मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत खाणकाम करायला परवानगी दिली. सरकारने घाईघाईने 88 पट्ट्यांचं नूतनीकरण केलं, तेही 7 फेब्रुवारी 2018 ला रद्द झालं आणि मार्चच्या मध्याला खाणी पुन्हा बंद पडल्या.

इथे टिपरवाला परत येतो, आणि मला राग येतो, पण तो त्याच्यावर नाही. धेंपोंच्या हातात विकायला काहीतरी होतं. फंडवाल्याच्या करारात बाहेर पडायचं कलम असतं. टिपरवाल्याच्या हातात काय होतं? एक गाडी, जिचा उपयोग फक्त खाण चालू असेपर्यंत. ती कुणाला विकणार? सगळा तालुका एकाच दिवशी विकायला निघाला होता. दहा टनांचा टिपर काढून भाजी वाहायला लावता येत नाही. त्याने भाड्याचा दर वाढवून मागितला, पण खाण बंद पडली तर काय, असं कलम कधी मागितलं नाही. मागितलं असतं तरी दिलं कोणी असतं? हजारो ट्रक आणि शेकडो बार्ज उभे राहिले, सरकारला कर्जसवलतीच्या योजना आणाव्या लागल्या. बार्ज मांडवीत आणि जुवारीत गंजत राहिल्या. टिपर कारापूरच्या घरांशेजारी माडाखाली उभे होते, चाकांखाली दगड लावून.

आणि ज्यांच्या शेतात खाणीचा गाळ वाहून आला, ज्यांच्या विहिरी आटल्या, त्यांच्याकडे ना हिस्सा होता ना टिपर. त्यांचा धंदाच आधी संपला होता.

गोव्यात याच सुमाराला दुसरी एक विक्री झाली, ती फारशी गाजली नाही. ‘ट्युलिप डायग्नोस्टिक्स’ ही रक्ततपासणीची रसायनं बनवणारी गोव्यातली कंपनी 2017 च्या सुरुवातीला अमेरिकेच्या पर्किनएल्मरने घेतली. तिचे संस्थापक श्रीराम नटराजन तोवर बंगळुरूच्या ‘बिगटेक लॅब्स’च्या चंद्रशेखर नायर यांच्या संशोधनाशी जोडले गेले होते. त्यातून ‘मोलबायो’ उभी राहिली आणि ‘ट्रूनॅट’ हे छोटं यंत्र आलं, ज्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रातही क्षयरोगाची जनुकीय तपासणी करता येते. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली आणि करोनाच्या वर्षी ते देशभर वापरलं गेलं. त्यानंतर मोतीलाल ओसवालचा प्रायव्हेट इक्विटी फंड आला, 2022 मध्ये सिंगापूरच्या टेमासेकने सुमारे साडेआठ कोटी डॉलर घातले. एका कंपनीतून आलेला अनुभव, ओळखी आणि विक्रीचं जाळं दुसऱ्याच्या शोधामागे लावणं, हीही मालकाचा गुंतवणूकदार होण्याचीच रीत. धेंपोंपेक्षा वेगळी, कारण नटराजन कारभार सोडून गेले नाहीत. मला ही रीत जास्त भावते. पण तिला लागतो विज्ञान समजणारा मालक, आणि असे मालक गोव्यात बोटांवर मोजण्याइतके.

पेडण्याकडे आता पैसा वेगळ्याच वाटेने येतो. डिसेंबर 2022 मध्ये तिथे मोपाचा विमानतळ झाला आणि जमिनीच्या जाहिराती दिल्ली-मुंबईच्या वर्तमानपत्रांत झळकू लागल्या. डिचोली तालुक्यातही प्लॉट पाडले जात आहेत. याला कोणी गुंतवणूक म्हणतं तेव्हा मी गप्प बसतो. त्या पैशाने एकाही कारखान्यात एक यंत्र वाढत नाही.

न्यायालयाच्या 2014 च्या निकालात मात्र गुंतवणुकीचा एक खराखुरा विचार होता आणि त्याच्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. विकल्या जाणाऱ्या खनिजाच्या रकमेतले दहा टक्के बाजूला काढून गोव्याचा लोहखनिज कायम निधी उभारावा, असं न्यायालयाने सांगितलं. डोंगर एकदाच विकता येतो, तो पुढच्या पिढ्यांचाही आहे, म्हणून त्याची किंमत खर्चून न टाकता गुंतवून ठेवायची. गोवा फाउंडेशन आणि त्याच्याशी जोडलेली मंडळी हीच मागणी करत होती. नॉर्वेने तेलाच्या पैशाचं हेच केलं. फरक इतकाच की नॉर्वेने ते आपण होऊन केलं, आपल्याला न्यायालयाने करायला लावलं. धेंपोंनी आपल्या घराण्यासाठी जे केलं, एका झऱ्यातून पैसा काढून तो दुसरीकडे लावला, तेच सगळ्या गोव्याच्या नावाने करायची ही सोय. तिचा हिशेब दरवर्षी विधानसभेत मोठ्याने वाचला जावा एवढी ती महत्त्वाची आहे. ग्रामसभांत मात्र चर्चा होते ती टिपरच्या दराची आणि धुळीची, कारण ती आज दारात आहे.

डिसेंबर 2022 मध्ये सरकारने खाणपट्ट्यांचा लिलाव केला. डिचोलीचा पहिला ब्लॉक, 478 हेक्टरांचा, वेदांताने घेतला. ज्या परिसराचे पैसे या समूहाने 2009 मध्ये धेंपोंना मोजले होते, त्यासाठी आता पुन्हा बोली लावावी लागली, या वेळी सरकारकडे. 2024 मध्ये खाण सुरू झाली.

आता नवा पट्टा 50 वर्षांचा आहे. फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं, टिपरच्या कर्जाचं चार-पाच वर्षांचं. कारापूर-साखळीच्या रस्त्यावरून जीए-04 च्या गाड्या पुन्हा भरून जाऊ लागल्या आहेत, त्यांतल्या काही नव्या कर्जाच्या. पलीकडे मुळगावात ब्लॉकच्या नकाशावरून लोक उठले आहेत, कारण त्या रेषेच्या आत त्यांची वस्ती येते. त्यांना हिस्सा नको आहे, भाडं नको आहे. त्यांची मागणी एवढीच आहे की आधी हद्द आखा आणि आमची घरं, देवळं आणि शेतं लीजच्या बाहेर काढा.